प्रमाण इंग्रजी ठरवलं तरी कुणी?

मृण्मयी_लीड्स

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, कारण आठवडाभर एक प्रश्न डोक्यातून जातच नाहीये.

आम्ही सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये, लीड्सला राहतो. लेक नऊ वर्षांची. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि शाळा सुटली की शेजारच्या आजोबांकडे मुक्काम. आजोबा पिढ्यान्‌पिढ्यांचे यॉर्कशरवाले, उमेदीची सगळी वर्षं कापड गिरणीत गेलेली. परसात कबुतरांची खुराडी आहेत. त्यांचं बोलणं मला पहिलं वर्षभर कळत नव्हतं. 'द' हा शब्द ते उच्चारतच नाहीत, त्या जागी घशात नुसता एक आचका येतो. आणि 'आय वॉज' कधीच नाही, कायम 'आय वेअर'.

तर लेकीने कबुतरांना दाणे घालण्यावर निबंध लिहिला. त्यात पाच ठिकाणी 'आय वेअर' आलं. बाईंनी पाचही ठिकाणी लाल शाईने खोडलं आणि खाली शेरा दिला, 'हे इंग्रजी नाही.' लेकीने वही माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "आई, मग आजोबा काय बोलतात?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारते. प्रमाण इंग्रजी ठरवली कुणी? कधी? फ्रेंचांची आहे तशी अकादमी इंग्रजांची आहे का? राजाने फर्मान काढलं होतं का? वाचलेलं, ऐकलेलं, अनुभवाचं, सगळं चालेल.

टोचण

'किंग्ज इंग्लिश' म्हणतात ना? मग राजानेच ठरवलं असणार.

भर_दुपारी

टोचण, फर्मान कुणीच काढलं नाही. पण एका राजाचा हात आहे, तो सांगतो. जरा लांबण लागेल.

प्रमाण इंग्रजीसारखं काहीतरी त्याआधी एकदा उभं राहून मोडलं होतं. दहाव्या-अकराव्या शतकात विंचेस्टरच्या बाजूची, वेसेक्सची लेखी इंग्रजी बरीच ठाशीव झाली होती. दुसऱ्या भागांतले लेखनिकही ती वापरत. १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि चित्र पालटलं. दरबार फ्रेंच बोलायला लागला, दफ्तर लॅटिनमध्ये, चर्च तर आधीपासूनच लॅटिनमध्ये. इंग्रजी घराघरांत जिवंत होती, पण दफ्तरात तिला जागा उरली नाही. त्यामुळे ज्याने त्याने आपल्या गावच्या कानाने लिहायचं, असं तीनेकशे वर्षं चाललं.

१३६२ मध्ये कायदा झाला की न्यायालयातले वाद इंग्रजीत चालावेत, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. तो कायदा लिहिला मात्र फ्रेंचमध्ये, आणि नोंदी लॅटिनमध्येच ठेवाव्यात असं त्यातच म्हटलंय! १३९९ मध्ये चौथ्या हेन्रीने गादीवरचा हक्क इंग्रजीत सांगितला. मग त्याचा मुलगा, पाचवा हेन्री. १४१७ मध्ये तो फ्रान्सच्या स्वारीवर गेला आणि तिथून मायदेशी धाडायची पत्रं इंग्रजीत लिहवून घ्यायला लागला. ज्यांच्याशी लढाई चाललीय त्यांच्याच भाषेत आपल्या माणसांना काय लिहायचं, असं त्याला वाटलं असावं.

आणि मला सगळ्यात आवडते ती यापुढची गोष्ट. १४२२ च्या सुमाराला लंडनच्या बिअर गाळणाऱ्यांच्या संघाने आपल्या वहीत नोंद केली की राजाने पत्रं मातृभाषेत लिहायला घेतली आहेत, आमच्यातल्या पुष्कळांना इंग्रजी लिहितावाचता येतं, लॅटिन आणि फ्रेंच येत नाही, म्हणून यापुढे आमचं कामकाज इंग्रजीत नोंदवू. बघा, धंद्यातली माणसं. हिशेबाची वही आपल्याला कळावी एवढीच त्यांची इच्छा.

त्यानंतर वेस्टमिन्स्टरच्या कचेऱ्या, त्यातही चॅन्सरी, म्हणजे राजाची मोठी मोहोर सांभाळणारी कचेरी. तिथल्या कारकुनांनी लिहिलेले कागद देशभर जायला लागले. गावोगावचे लोक तो नमुना पाहून लिहायला लागले. प्रमाण इंग्रजीचं मूळ तिथे आहे.

शब्दखूळ

भर_दुपारी, सुंदर. आता मी अंड्यांची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. माणूस मूळचा केंटचा, पण तीसेक वर्षं समुद्रापलीकडे, ब्रुज वगैरे भागात व्यापार केलेला. १४९० च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलंय ते असं. काही व्यापारी टेम्स नदीतून जहाजाने नेदरलंड्समधल्या झीलंडला निघाले होते. वारा पडला म्हणून केंटच्या किनाऱ्याला थांबले. त्यांच्यातला शेफील्ड नावाचा कापडवाला एका घरी खायला मागायला गेला. घरच्या बाईला म्हणाला, 'एगीस' द्या. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. शेफील्ड भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसरा कुणीतरी म्हणाला, त्याला 'आयरेन' हवीयत. तेव्हा कुठे बाईला कळलं. कॅक्स्टन पुढे विचारतो, आता माणसाने लिहावं तरी काय, 'एगीस' की 'आयरेन'?

मृण्मयी, छापखानावाल्यापुढचा हा प्रश्न म्हणजेच तुझा प्रश्न. शेकडो प्रती एकाच वेळी छापायच्या, त्या केंटमध्येही खपल्या पाहिजेत आणि यॉर्कमध्येही.

गोट्या_सातारकर

म्हणजे अख्ख्या भाषेचा प्रश्न अंड्यावर येऊन अडला होता. आमच्या मेसमध्ये दर बुधवारी अडायचा तसाच.

जुना_कंपोझ

शब्दखूळ ताईंनी छापखान्याचं नाव काढलं म्हणून लिहितो.

माझे वडील कोल्हापुरात एका छापखान्यात जुळारी होते. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायचो. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात केसमधून न बघता खिळे, म्हणजे सुटी धातूची अक्षरं, उचलायचा. ओळ भरत आली की शेवटी बोटभर जागा उरायची. मग ते शब्दांमध्ये पितळी फटी सारायचे, ओळ घट्ट बसेपर्यंत. अंगठ्याने दाबून बघायचे. ओळ सैल राहिली तर फर्म्यातून खिळे गळतात.

कॅक्स्टनच्या आणि त्याच्यानंतरच्या इंग्रज जुळाऱ्यांना आणखी एक सोय होती. शब्दाचं एकच ठरलेलं रूप नव्हतं, म्हणून ओळ सैल असली की एखाद्या शब्दाच्या शेवटी जास्तीचा 'ई' लावायचा, दाटली की काढायचा. एकाच पानावर एकच शब्द दोन तऱ्हांनी दिसतो तो यामुळेही. पुढे छापखान्यांनी आपापल्या पद्धती बसवल्या आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापील इंग्रजीचं स्पेलिंग जवळजवळ आज दिसतं तसं स्थिर झालं. जुळाऱ्याच्या हाताला वळण लागलं की ते मोडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वडिलांचा हात ठरावीक घरातच जायचा.

आणखी एक. 'घोस्ट' या शब्दात जो 'एच' आहे तो फ्लेमिश, म्हणजे ब्रुजकडच्या भाषेच्या, वळणाचा. इंग्रजी लिहिण्यात आधी तो नव्हता. कॅक्स्टन तिकडून आला, त्याच्या छापखान्यातली माणसंही तिकडची. परक्या मुलखातून आलेल्या कामगाराच्या बोटांनी एक अक्षर इंग्रजीत कायमचं बसवलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

टोचण

काका, मस्त लिहिलंत. 'घोस्ट'मधला 'एच' म्हणजे खरंच भूत, दिसतो पण ऐकू येत नाही.

कावेरी_जे

भाषाविज्ञान शिकवते, म्हणून एका मुद्द्यावर हरकत घेते. भर_दुपारी, चॅन्सरीचं तुम्ही सांगितलंत ते जॉन फिशर यांनी १९७७ पासून ठासून मांडलं आणि पाठ्यपुस्तकांत स्थिरावलं. पण नंतरच्या अभ्यासकांनी ते बरंच पोखरलंय. मायकेल बेन्स्किन यांनी दाखवलं की चॅन्सरीतून बाहेर पडणारे बहुतेक कागद पंधराव्या शतकातही लॅटिनमध्येच होते. इंग्रजी पत्रं राजाच्या खासगी शिक्क्याच्या कचेरीतून निघत. लॉरा राइट यांचं म्हणणं असं की एका कचेरीतून भाषा झिरपत खाली आली हे चित्रच चुकीचं. व्यापाऱ्यांच्या वह्या, संघांची दप्तरं, शहराशहरांतली पत्रं, यांत लॅटिन-फ्रेंच-इंग्रजीची सरमिसळ असायची. ती हळूहळू इंग्रजीकडे सरकली आणि सरकताना वेगवेगळ्या ठिकाणची रूपं एकमेकांत घासून कमी होत गेली.

कमी होत गेली, हे महत्त्वाचं. मध्ययुगीन इंग्रजीच्या बोलींचा मोठा नकाशासंग्रह १९८६ मध्ये निघाला. त्यातून दिसतं की 'थ्रू' हा एक शब्द त्या काळात पाचशेहून जास्त तऱ्हांनी लिहिला जात होता. त्या पाचशेतलं एक कुणी निवडलं नाही. आधी प्रत्येक प्रांतातली फार विचित्र, दुसऱ्यांना न कळणारी रूपं गळाली, मग सर्वांना चालणारी चार-पाच उरली, मग एक.

आणि मृण्मयी, 'लंडनवाल्यांनी लादली' असंही सरळ म्हणता येत नाही. लंडन शहरच बाहेरून आलेल्यांचं होतं. मुख्यत्वे पूर्वेच्या मिडलंड्समधून, आणि उत्तरेतूनही माणसं येत होती.

भर_दुपारी

कावेरीताई, मान्य. मी वाचलेलं पुस्तक जुनं होतं. मग बिअरवाल्यांची नोंद जास्तच मोलाची ठरते ना? ती कचेरीबाहेरचीच आहे.

कावेरी_जे

अगदी. तीच धरून ठेवा.

मृण्मयी_लीड्स

थांबा थांबा, उत्तरेतून माणसं येत होती म्हणजे? यॉर्कशरमधून? त्यांच्या बोलीतलं काही प्रमाण इंग्रजीत आहे का? लेकीला सांगायला मला तेच हवंय.

कावेरी_जे

पुष्कळ आहे. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्यांनी उत्तर इंग्लंड घेतलं, यॉर्क त्यांची राजधानी होती. त्यांची भाषा आणि तिथली इंग्रजी शेजारशेजार नांदल्या. 'दे', 'देअर', 'देम' ही सर्वनामं त्या भाषेतून आली. भाषा दुसरीकडून नामं सहज घेते, सर्वनामं फार क्वचित घेते. दक्षिणेत 'ही', 'हेअर', 'हेम' अशी जुनी रूपं होती. चौदाव्या शतकातला कवी चॉसर लंडनचा. तो कर्त्याच्या जागी 'दे' लिहितो, पण बाकी ठिकाणी अजून 'हिअर' आणि 'हेम'. पुढच्या शंभर वर्षांत उत्तरेची तिन्ही रूपं लंडनने घेतली.

'ही गोज', 'शी सिंग्ज' यातला शेवटचा 'स'ही उत्तरेचा. दक्षिणेत 'गोएथ' होतं. १६११ च्या बायबलमध्ये अजून 'एथ' दिसतं, पण तोपर्यंत लोक बोलताना 'स'च लावायला लागले होते.

आणि शब्दखूळच्या गोष्टीतलं 'एग' बघा. 'एग' हा नॉर्स, म्हणजे त्या डेन्मार्क-नॉर्वेवाल्यांच्या भाषेतला शब्द, उत्तरेकडून खाली आलेला. 'आयरेन' हे दक्षिणेचं, अस्सल जुनं इंग्रजी. आज केंटमध्येसुद्धा सगळे 'एग'च म्हणतात.

शब्दखूळ

अगं बाई! ही गोष्ट मी वीस वर्षं सांगतेय आणि शेफील्डचा शब्द जिंकला हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

यात भर म्हणजे १३८७ मध्ये ट्रेव्हिसाने एका लॅटिन इतिहासाचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यात म्हटलंय की उत्तरेकडच्यांची, विशेषतः यॉर्कची बोली इतकी तीक्ष्ण, कर्कश आणि ओबडधोबड आहे की आम्हा दक्षिणेकडच्यांना ती जेमतेम कळते. सहाशे वर्षं झाली त्याला. आणि त्याच बोलीतल्या 'दे'शिवाय आज कुणाचं पान हलत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मृण्मयी ताई, तुमच्या पोरीचं वाचून पोटात कालवलं. मी अकोल्याकडचा. अकरावीला पुण्यात आलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून म्हटलं, "सर, मले हे समजलं नाही." पूर्ण वर्ग हसला. सरही हसले. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात प्रश्न विचारला नाही. घरी फोन केला की आईशी वऱ्हाडीत बोलायचो तेही आवाज खाली करून, खोलीतल्या पोरांनी ऐकू नये म्हणून.

मले 'चुकलं' सांगितलं असतं तर चाललं असतं. 'हे मराठीच नाही' म्हणतात, ते लागतं.

टोचण

भाऊ, तुमच्याबरोबर झालं ते वाईटच. पण दुसरी बाजूही मांडतो. मी नोकरीनिमित्त रोज इंग्रजीत कागद लिहितो. वाचणारा सिंगापूरचा, लिहिणारा मी ठाण्याचा, सही करणारा ग्लासगोचा. ग्लासगोवाल्याचं बोलणं मला फोनवर निम्मं कळत नाही, पण त्याचं पत्र शंभर टक्के कळतं. पाचशे 'थ्रू' असते तर काम झालं असतं का? बाईंनी 'आय वॉज' शिकवणं हा गुन्हा नाही. त्यांना शिकवावंच लागतं. १९८८ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, त्यात प्रमाण इंग्रजी शिकवायचीच आहे.

वऱ्हाडी_ठेचा

शिकवू नका कुठे म्हटलं? मी स्वतः आता प्रमाण मराठीत लिहितो, तुम्ही वाचताच आहात. शेरा बदला एवढंच म्हणतो.

निवृत्त_मास्तरीण

चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. लाल पेन माझ्याही हातात होतं, म्हणून या लाल पेनाचा इतिहास सांगते.

कारकून आणि छापखाने यांनी लिहिण्याची एक चाल पाडली. पण 'हे बरोबर, ते चूक' ही भाषा खरी वाढली ती अठराव्या शतकात. तोवर मधला वर्ग पैशाने वर आला होता, त्याला पोरांना सभ्य समाजात बसवायचं होतं आणि त्यासाठी नियमांची पुस्तकं हवी होती. रॉबर्ट लाउथ या पाद्रीबुवांचं व्याकरण १७६२ मध्ये आलं. पुढे ते लंडनचे बिशप झाले. त्या काळात एका माणसाला उद्देशून 'यू वॉज' म्हणणं शिकल्यासवरल्या लोकांत सर्रास चालायचं. एकाला 'वॉज', अनेकांना 'वेअर', किती तर्कशुद्ध! लाउथनी ते चूक ठरवलं आणि शंभर वर्षांत ते सभ्य लिखाणातून गेलं. मृण्मयी, तुझ्या लेकीच्या वहीतल्या 'वॉज-वेअर'चं भांडण इतकं जुनं आहे.

दोन नकारांचंही तसंच. चॉसर एका वाक्यात दोन-तीन नकार बिनदिक्कत घालतो, जोर देण्यासाठी. व्याकरणकारांनी गणित लावलं की दोन नकार म्हणजे होकार. मी वर्गात हेच गणित शिकवलं आहे, आणि एकाही मुलाने विचारलं नाही की बाई, बोलताना कुणाला तसा अर्थ लागतो का?

मग लिंडली मरे. जन्माने अमेरिकन, पेशाने वकील. प्रकृतीसाठी इंग्लंडला आला आणि यॉर्कजवळ राहिला. हो, तुझ्याच यॉर्कशरमधल्या यॉर्कजवळ. तिथल्या मुलींच्या एका शाळेतल्या शिक्षिकांनी विनंती केली म्हणून त्याने १७९५ मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्याच्या अगणित आवृत्त्या निघाल्या, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत. म्हणजे जगभरच्या मुलांना ज्या पुस्तकाने 'शुद्ध' इंग्रजी शिकवली ते एका परदेशी माणसाने यॉर्कशरमध्ये बसून लिहिलं. हे आजोबांना जरूर सांग.

पाटीपेन्सिल

बाई, एक शंका. स्पेलिंग ठरलं असं सगळे म्हणताय, पण मग ते उच्चारांशी जुळत का नाही? 'नाइट'मध्ये 'के' कशाला, 'जीएच' कशाला? माझा मुलगा रोज रडतो.

कावेरी_जे

कारण स्पेलिंग ठरलं तेव्हा उच्चार पळत होते. 'नाइट' हा शब्द पूर्वी साधारण 'क्निख्त' असा म्हणत. 'के' ऐकू यायचा, 'जीएच' म्हणजे घशातला 'ख'. शिवाय साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकेक पायरी सरकले. आधी 'टाइम'ला 'टीम'सारखं म्हणत, 'हाऊस'ला 'हूस', आणि 'नेम'ला चक्क 'नाम'च्या जवळपास! छापखाना आला तो या सरकण्याच्या ऐन मध्यावर. लिखाण खिळ्यात बसलं, जिभा पुढे गेल्या.

काही अक्षरं तर मुद्दाम घुसवलेली आहेत. 'डेट' म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधून 'बी'शिवाय आला. लॅटिनमध्ये मुळात 'बी' आहे म्हणून पंडितांनी तो लिहायला लावला. 'आयलंड'मधला 'एस' तर चुकून. तो शब्द अस्सल इंग्रजी आहे, पण फ्रेंचमधून आलेल्या 'आइल'शी नातं आहे असं समजून त्यात 'एस' घातला.

पाटीपेन्सिल

'नाम'! मुलाला आत्ताच सांगितलं. रडायचा थांबला, पण आता 'टीम'ला 'टाइम' का म्हणत नाहीत विचारतोय.

शब्दखूळ

अकादमीचं राहिलं. फ्रेंचांनी १६३५ मध्ये काढली. इंग्रजांकडे १७१२ मध्ये जोनाथन स्विफ्टने तशीच मागणी केली, थेट खजिनदार रॉबर्ट हार्ली यांना उद्देशून. भाषा बिघडतेय, ती एकदाची पक्की करा म्हणून. १७१४ मध्ये राणी ॲन वारली, हार्लीचं पद गेलं आणि अकादमी राहिली ती राहिलीच.

तिच्या जागी आला एक माणूस. सॅम्युअल जॉन्सन. पुस्तकविक्रेत्यांनी १७४६ मध्ये त्याच्याशी करार केला. लंडनच्या गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माडीवर सहा मदतनीस घेऊन तो बसला. पुस्तकं वाचायचा, हव्या त्या वाक्यांवर खुणा करायचा, मदतनीस ती उतरवायचे. १७५५ मध्ये कोश आला, बेचाळीस हजारांवर शब्द आणि लाखाच्या वर उदाहरणं. त्या सहांतले पाच स्कॉटिश होते. आणि ओट्सची व्याख्या काय केली, तर इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात ते धान्य!

पण मला त्याची प्रस्तावना आवडते. भाषा पक्की करू अशा आशेने काम सुरू केलं होतं, असं तो मोकळेपणाने सांगतो. आणि नऊ वर्षांनंतर म्हणतो की कोशकार भाषेला मसाला लावून जतन करू शकत नाही, आणि अकादम्यांनाही ते जमलेलं नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत. आमच्याकडची बाजू थोडक्यात. इथे 'राष्ट्रीय भाषा' हा विचार उघडपणे झाला. नोआ वेब्स्टर १७८९ मध्ये लिहितो की स्वतंत्र राष्ट्र म्हणून राज्यकारभारासारखीच भाषेतही आपली स्वतःची व्यवस्था असणं हा आपल्या अब्रूचा प्रश्न आहे. त्याचं निळ्या पुठ्ठ्याचं स्पेलिंगचं पुस्तक १७८३ पासून पिढ्यांनी वापरलं. 'कलर'मधला 'यू' त्याने काढला, 'सेंटर'ची शेवटची दोन अक्षरं फिरवली. १८२८ मध्ये सत्तर हजार शब्दांचा कोश. पण 'विमेन' आणि 'टंग' उच्चाराप्रमाणे लिहा म्हणाला, ते कुणी ऐकलं नाही. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगं सरकारी छापखान्याला वापरायला सांगितली. काँग्रेसने हाणून पाडलं. इथे राष्ट्राध्यक्षाचंही चाललं नाही.

गोट्या_सातारकर

आपल्याकडे मोल्सवर्थ ना? इंग्रज माणसाने आपला कोश केला, तेही १८३१ मध्ये.

निवृत्त_मास्तरीण

हो, आणि त्याच्याही हाताखाली शास्त्रीमंडळी होती. पुढे मेजर कँडींनी मराठी गद्याला जे वळण लावलं, विरामचिन्हांसकट, ते त्यांच्याकडच्या इंग्रजीचं. इंग्रजीचं प्रमाणरूप घडायला चारशे वर्षं लागली. आपलं छापील प्रमाणरूप काही दशकांत बसवलं गेलं, तेही पुण्याच्या शिष्टांच्या बोलीवर. वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या वर्गातलं हसू तिथून आलं.

भर_दुपारी

आणि मोडीचं काय? कारकुनांची लिपी मोडी होती, छापखान्यात बाळबोध बसली. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम, मग १९७२ ची भर...

टोचण

ऱ्हस्व-दीर्घ काढूनच टाका असं माझं मत आहे.

निवृत्त_मास्तरीण

कदापि नाही! 'दिन' आणि 'दीन' एक करणार का?

धागाराखण

मंडळी, ऱ्हस्व-दीर्घासाठी वेगळा धागा आहे. इथे इंग्रजीवरच राहू या.

हडसनकाठ

इंग्रजीवर येतो. उच्चारांचं कुणी लिहिलं नाही. मृण्मयी, बीबीसीने १९२६ मध्ये उच्चार ठरवायला समिती नेमली होती, राजकवी रॉबर्ट ब्रिजेस अध्यक्ष. निवेदक एकाच घाटाचे बोलायचे, महागड्या निवासी शाळांत शिकलेल्या दक्षिणी इंग्रजांसारखे. मग युद्धात, १९४१ मध्ये, विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचायला बसवलं. हा हॅलिफॅक्सचा, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. शेवटी उत्तरेकडच्या श्रोत्यांना तो त्यांच्या बोलीत 'गुड नीट' म्हणायचा. तक्रारींची पत्रं आली. लोक म्हणे, या आवाजातल्या बातम्या खऱ्या वाटत नाहीत.

मृण्मयी_लीड्स

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय कारण मधे बरंच घडलं.

बाईंना भेटले. टोचण म्हणाले तसंच त्या म्हणाल्या, परीक्षेत 'आय वॉज'च लागणार. मी म्हटलं, मान्य, फक्त तो शेरा नको. 'एगीस'ची गोष्ट सांगितली. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग वही मागून घेतली आणि शेरा खोडून खाली लिहिलं, 'निवेदनात आय वॉज. आजोबा बोलतात तिथे त्यांचे शब्द तसेच ठेव.' लेकीने निबंध पुन्हा लिहिला. आता त्यात आजोबा अवतरणचिन्हांत बोलतात.

रविवारी आजोबांना अंड्यांची गोष्ट सांगितली, पिकल्सचीही. पिकल्स त्यांना ठाऊक होता, त्यांचे वडील त्याच्यासाठी रेडिओ लावायचे. मग म्हणाले, माझी आजी 'चिल्ड्रन' म्हणायची नाही, 'चिल्डर' म्हणायची, आणि शाळेत आम्हाला त्यावरून छड्या बसल्या. कावेरीताई, हे काय आहे?

कावेरी_जे

आजी बरोबर होत्या. 'चिल्डर' हे जुनं अनेकवचन. लोकांना ते अनेकवचन आहे हे जाणवेना, म्हणून त्यावर 'एन' हे आणखी एक लावलं, म्हणजे 'चिल्ड्रन' दोनदा अनेकवचन आहे. 'आयरेन'मध्येही तोच 'एन' आहे. त्यांच्या आजीचे आणखी शब्द मिळाले तर इथे लिही, मला हवेत.

मृण्मयी_लीड्स

लेकीने वहीच केलीय. पहिल्या पानावर 'चिल्डर'. दुसऱ्या पानावरचा शब्द मी गेली सहा वर्षं चुकीचा ऐकत होते. आजोबा दारात येऊन तिला हाक मारतात, त्यात 'लेक' असं ऐकू येतं. मला वाटायचं, माझं ऐकून ऐकून ते मराठी शिकले. परवा कळलं, त्यांच्याकडे 'लेक' म्हणजे खेळणं. गिरणी बंद असली, काम नसलं की कामगारही म्हणायचे, आज आम्ही 'लेकिंग'.

कावेरी_जे

तोही नॉर्सच, 'लेइका'. लंडनपर्यंत पोचला नाही, तुमच्या परसात राहिला.

मृण्मयी_लीड्स

आत्ता हे लिहितेय आणि बाहेरून हाक आली. लेक खेळायला गेली.